एडिटिंग, घरचा मसाला आणि नाटकाची तालीम: मुंबईत तिन्ही सांभाळायची पद्धत

मुंबईत असं जगणारे खूप आहेत. मालिकेचं एडिटिंग फ्रीलान्स करायचं, घरच्यांसोबत लहानसा व्यवसाय चालवायचा आणि संध्याकाळी तालमीला पोचायचं. बहुतेकांची ओढाताण एकाच कारणाने होते. ते रोजच्या रोज तिन्हींना थोडाथोडा वेळ द्यायला बघतात. मुंबईत प्रवासातच दिवसाचे दोन-तीन तास जातात, त्यामुळे असे तुकडे कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत. आमच्या मते वाटणी तासांची करू नये, महिन्यांची करावी. कोणत्या महिन्यात कोण पुढे आणि बाकीची दोन कमीत कमी किती चालतील, हे वर्षाच्या सुरुवातीला ठरवावं. आणि तिन्हींचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: मालिकांचं संकलन, घरगुती मसाल्याचा व्यवसाय आणि हौशी-प्रायोगिक नाटक. तुमचं काम डबिंगचं असेल, व्यवसाय केकचा असेल किंवा आवड तबल्याची असेल, तरी रीत हीच राहील. महिने तेवढे बदलतील.

आधी वर्ष मांडा

एका मोठ्या कागदावर बारा महिने आडवे लिहा आणि खाली तीन ओळी आखा. प्रत्येक ओळीत त्या कामाचे अडलेले महिने भरा, म्हणजे जे महिने तुमच्या सोयीने हलवता येत नाहीत ते.

मसाल्याची ओळ सगळ्यात ताठर असते. नवी मिरची जानेवारीपासून बाजारात येऊ लागते. वर्षाचा मसाला करणारी घरं मार्च ते मे या काळात ऑर्डर देतात, कारण मिरचीला कडक ऊन लागतं आणि जूनमध्ये पाऊस आला की वाळवण संपतं. एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या डंकांवर, म्हणजे मसाला कुटून देणाऱ्या गिरण्यांवर, रांगा लागतात. म्हणजे वर्षाची बरीचशी विक्री तीन महिन्यांत उरकते आणि त्यासाठीची खरेदी त्याही आधी करावी लागते.

एडिटिंगच्या ओळीत गणपती आणि दिवाळीच्या आधीचे आठवडे लाल करा. सुट्ट्यांसाठी एपिसोडची बँक करायची असते, म्हणजे पुढचे एपिसोड आधीच तयार करून ठेवायचे असतात, त्यात महाएपिसोड येतो, चॅनलचे करेक्शन्स रात्री अकराला येतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात या कामाला नकार देता येत नाही. दिलात, तर पुढच्या मालिकेला फोन येत नाही.

नाटकाच्या ओळीत दोन प्रकारच्या तारखा येतात. काही तुमच्या हातातल्या असतात, काही नसतात. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुतेक वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. त्या नाटकाच्या तालमी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होणार, म्हणजे नेमक्या एपिसोडच्या बँकेच्या वेळी. ही टक्कर दर वर्षी होणार आहे. ती कागदावर आधी दिसली, तर त्या स्पर्धेत मोठी भूमिका न घेता दुसरं काही घेता येईल. संस्थेचं स्वतःचं नवं नाटक असेल तर त्याच्या तालमी जून-जुलैमध्ये लावायचा आग्रह धरता येईल.

या उदाहरणात वर्ष साधारण असं बसतं. मार्च ते मे मसाला पुढे, एडिटिंगची एकच मालिका, नाटकाचे फक्त ठरलेले प्रयोग. जून-जुलै नाटक पुढे, कारण मसाल्याला ऊन नाही आणि नव्या मालिकांची धावपळ अजून सुरू झालेली नसते. ऑगस्ट ते ऑक्टोबर एडिटिंग पुढे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी प्रयोग, मध्यम एडिटिंग आणि मिरचीच्या भावावर नजर. कागद स्वयंपाकघरात लावा. घरच्यांना तो दिसला पाहिजे, कारण लग्नकार्य आणि गावची जत्राही त्याच कागदावर चढवायची आहे.

पैशाची तीन खाती

इथे घाई करू नका. बहुतेकांचं नाटक वेळेअभावी सुटत नाही, पैसे अडकल्यामुळे सुटतं.

बँकेत तीन खाती हवीत: एडिटिंगचे पैसे येतील ते बचत खातं, मसाल्याचं चालू खातं आणि करासाठी वेगळं बचत खातं. मसाल्याचा यूपीआय क्यूआर चालू खात्यालाच जोडा. घरच्या क्यूआरवर मसाल्याचे पैसे घेतले, की वर्षाअखेरीला कुठले दोन हजार मावशीने दिलेले आणि कुठले ऑर्डरचे, हे कुणालाच सांगता येत नाही.

एडिटिंगचं बिल साठ हजारांचं असेल आणि त्यावर १० टक्के टीडीएस कापला, तर हातात ५४ हजार येतात. पण कधी? मालिकांच्या व्यवहारात ९० दिवसांची उधारी सर्रास चालते. जानेवारीत केलेल्या कामाचं बिल ३१ जानेवारीला गेलं, तर पैसे एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये येतात. म्हणून घरखर्चाची गंगाजळी तीन महिन्यांची पुरत नाही, पाच महिन्यांची लागते. घराचा महिना ५० हजारांत भागत असेल, तर अडीच लाख बाजूला असल्याशिवाय, अजून नोकरीत असाल तर ती सोडू नका आणि मसाल्यात नवी गुंतवणूकही करू नका.

आता मार्च बघा. मिरची-मसाल्याची ठोक खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. अनुमानित पद्धतीने (ती पुढे सांगितली आहे) कर भरणाऱ्यांना आगाऊ कराची सगळी रक्कम १५ मार्चपर्यंत भरायची असते. आणि डिसेंबर-जानेवारीच्या बिलांचे पैसे अजून आलेले नसतात. तिन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात येतात. त्या वेळी हात आखडला, की तालमीची वर्गणीसुद्धा जड वाटते आणि माणूस 'यंदा नाटक नको' म्हणतो. यावर उपाय साधा आहे. बिलाचे पैसे खात्यात आले, की त्याच दिवशी त्यातले १० टक्के कराच्या खात्यात टाका. तुमचा कर टीडीएसमध्येच भागत असेल, तर साठलेली रक्कम मिरचीच्या खरेदीला वापरा. प्रमाण नक्की किती ठेवायचं, ते पहिल्या वर्षाच्या विवरणपत्रावरून सुधारा.

अनुमानित पद्धतीबद्दल थोडं. ठरावीक व्यावसायिकांना एकूण फीच्या ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. याची मर्यादा वर्षाला ५० लाख आहे आणि रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. ही तरतूद वर्षानुवर्षं ४४एडीए म्हणून ओळखली जात होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, त्यामुळे जुन्या लेखांतले आकडे बघून गोंधळू नका. या ठरावीक व्यावसायिकांत 'फिल्म आर्टिस्ट' येतात आणि त्यांच्या यादीत संकलकाचं नाव आहे. फक्त मालिकाच करत असाल, तर सीएशी बोलून मगच ही पद्धत घ्या. मसाल्याच्या व्यवसायाला वेगळी अनुमानित पद्धत आहे: उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के. म्हणून रोखीपेक्षा यूपीआय बरं.

आता जीएसटी, कारण इथे सगळ्यात जास्त जण फसतात. उलाढाल पॅननुसार मोजतात, व्यवसायानुसार नाही. एडिटिंगची फी १४ लाख आणि मसाल्याची विक्री ८ लाख असेल, तर दोन्ही 'मर्यादेच्या आत' वाटतात. पण पॅन एकच असेल तर उलाढाल २२ लाख झाली. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांची मर्यादा आहे, पण सेवा आणि माल दोन्ही असतील तर मर्यादा २० लाखांची. म्हणजे नोंदणी करावी लागणार, आणि मग एडिटिंगच्या बिलावर १८ टक्के, मसाल्यावर ५ टक्के. व्यवसाय खरोखर बहिणीचा किंवा पत्नीचा असेल, कष्ट आणि पैसा त्यांचा असेल, तर तो पहिल्यापासून त्यांच्या पॅनवर ठेवा. मर्यादा चुकवायला कागदोपत्री फोड करू नका. बँकेतल्या नोंदी लगेच खरं सांगतात.

बिल अडकू नये म्हणून

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि फुकट होते. तिचे पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली तर बंद करा. सेवा देणाऱ्या एकट्या फ्रीलान्सरलाही ती करता येते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेत, असा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. नोंदणी काम सुरू करण्याआधीची हवी, थकल्यावर केलेली कामाला येत नाही.

पहिल्याच महिन्यात नोटीस पाठवायची गरज नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि 'सूक्ष्म उद्योग' एवढं ठळक छापा. २०२३-२४ पासून प्राप्तिकरात अशी तरतूद आहे, की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत न देणाऱ्या कंपनीला त्या वर्षी तो खर्च वजा करून मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी हिशेब विभागाला नम्र आठवण करून दिली, तर मार्चमध्ये बिल सुटण्याची शक्यता बरीच वाढते.

बिल महिन्याच्या शेवटच्या दिवशीच जायला हवं. त्यात मालिकेचं नाव, एपिसोड क्रमांक किंवा शिफ्टच्या तारखा, पॅन आणि बँकेचा तपशील लिहा. 'बिल मिळालं' असं उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरचं 'हो हो, आलंय' पुढे उपयोगी पडत नाही. काम घेतानाच दोन गोष्टी मेलवर मान्य करून घ्या: किती फेऱ्यांचे करेक्शन्स फीमध्ये धरले आहेत आणि ब्लॉक केलेली तारीख रद्द झाली तर किती पैसे मिळतील. दुसरी अट मागायला लोक बिचकतात. पण याच तारखेसाठी तुम्ही एखादा प्रयोग सोडलेला असतो.

मसाला: भाव ठरवताना होणारी चूक

खालचे आकडे समजण्यासाठी आहेत, तुमच्या खरेदीचे भाव घालून गणित पुन्हा करा. मिरची ६ किलो (रंगाला बेडगी जास्त, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी), ३५० रुपयांनी २,१००. धणे अडीच किलो, ४००. खडा मसाला सव्वा किलोच्या आसपास, १,३२०. हळद, हिंग आणि भाजायला तेल, १८०. एकूण ४,००० रुपये आणि वजन साधारण १० किलो. इथेच बहुतेकजण लिहून मोकळे होतात: किलोला ४०० पडला, ६०० ला विकू, २०० सुटले.

पण मिरचीचे देठ काढले, उन्हात आणि कढईत ओल गेली, डंकात थोडं राहिलं. हातात आले साडेआठ किलो. ४,००० भागिले साडेआठ म्हणजे ४७०. दळणावळ ५४० रुपये. निवडणं आणि भाजणं यांचे सहा तास, तासाला १०० रुपयांनी ६००. पाकीट आणि लेबल किलोमागे ५०. सगळं मिळून किलोला जवळजवळ ६५५ पडतात. ६०० ला विकला, तर प्रत्येक किलोमागे घरातून ५५ रुपये गेले. ते जाताना दिसत नाहीत, कारण सहा तासांची मजुरी घरातल्याच कुणीतरी न मागता दिलेली असते. मजुरी हिशेबात धरायलाच हवी. एपिसोडच्या बँकेच्या आठवड्यात तुम्ही घरी नसाल तेव्हा तेच काम पैसे देऊन करून घ्यावं लागणार आहे, आणि भावात ती जागा नसेल तर व्यवसाय तुमच्याशिवाय एक दिवस चालणार नाही.

घट प्रत्येक घाण्याला मोजा. आधीचं वजन, देठ काढल्यावरचं, भाजल्यावरचं आणि डंकावरून आलेलं, अशी चार वजनं वहीत लिहा. ओली मिरची स्वस्त मिळाली म्हणून घेतली, की भाजल्यावरच्या आकड्यावरून ती महाग पडल्याचं कळतं. शिवाय नीट न वाळलेल्या मिरचीचा मसाला पावसाळ्यात गुठळ्या धरतो आणि त्याला बुरशी लागते.

कागदपत्रं उरकून टाका. घरून खाद्यपदार्थ विकायलाही एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर येतो. त्याशिवाय घटक पदार्थ, हिरवी खूण, निव्वळ वजन, करासहित किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. दुकान-गाळा असेल तर गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून राज्याचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, तो अनेकजण विसरतात आणि मग दंड-व्याज भरतात. सोसायटीत मसाला भाजणार असाल तर शेजाऱ्यांशी आधी बोला. मिरचीच्या धुराची तक्रार सरळ कमिटीकडे जाते.

ऑर्डर रोज घेतल्या तरी माल रोज पाठवू नका. हंगामात आठवड्याला एक घाणा, इतर वेळी महिन्याला एक. व्हॉट्सॲप बिझनेसवर ऑर्डर बंद होण्याचा दिवस आणि पाठवण्याचा दिवस कायम दिसेल असा लिहून ठेवा. ग्राहक थांबतात, फक्त त्यांना तारीख कळायला हवी. आणि फोन उचलणारी एक व्यक्ती ठरलेली असू द्या. एडिट टेबलवर बसून 'ताई, अर्धा किलो मिळेल का?'ला उत्तर देत बसलात, तर दोन्हीकडे चुका होतात.

तालीम कशी टिकवायची

आवडीला एकट्याने वेळ काढायचा ठरवला की तो निघत नाही. समोर वाट बघणारी चार माणसं असली की निघतो. म्हणून गटात सामील व्हा आणि तालमीचे वार ठरवून घ्या. तरी भूमिका घेताना नेमका एक प्रश्न विचारा: माझ्या जागी कोण उभं राहू शकतं? प्रमुख भूमिकेला रिप्लेसमेंट तयार करायला किमान आठवडा जातो. प्रकाशयोजना किंवा पार्श्वसंगीत ऑपरेट करणाऱ्याचे क्यू (कधी काय बदलायचं त्याच्या खुणा) लिहिलेले असतील, तर दुसरा माणूस दोन तालमींत तयार होतो. एडिटिंग पुढे असलेल्या महिन्यांत दुसऱ्या प्रकारचं काम घ्या आणि जून-जुलैच्या नाटकात भूमिका घ्या. संगीत ऑपरेट करणं कमी दर्जाचं मानणाऱ्यांनी एकदा अंधारात, नटाच्या श्वासावर क्यू देऊन बघावा. एडिटरच्या कानाला ते काम फार जमतं.

तालमीची जागा कामाची जागा आणि घर यांच्या मधेच हवी, आणि शक्यतो एकाच रेल्वे मार्गावर. गोरेगावला शिफ्ट आणि परळला घर असेल, तर दादर किंवा माटुंग्याची तालीम जमते, ठाण्याची दोन आठवड्यांत सुटते. गोरेगावच्या स्टुडिओतून दादरच्या हॉलपर्यंत दारापासून दारापर्यंत सव्वा तास धरा, नुसती गाडीची मिनिटं मोजू नका. रविवारची सकाळ सगळ्यांना सोयीची वाटते, पण मध्य आणि हार्बर मार्गांवर बहुतेक रविवारी मेगाब्लॉक असतो. डोंबिवली-पनवेलकडची मंडळी असतील तर ब्लॉकचं वेळापत्रक शनिवारी बघून मगच वेळ पक्की करा. मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, त्यामुळे मरोळ किंवा सीप्झकडून दादर आणि प्रभादेवीला येणाऱ्यांना लोकल टाळून यायची सोय झाली आहे.

नाटकाचा खर्चही आधी लिहा: नाट्यगृहाचं भाडं, प्रकाश-ध्वनीची सामग्री, नेपथ्याचा टेम्पो, रंगभूषा, जाहिरात, चहा-वडे. नव्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठीचा अर्ज तालमी सुरू होतानाच टाका. प्रयोगाच्या आठवड्यात त्यासाठी धावपळ झाली, तर तुमची एक शिफ्ट हमखास बुडते. वर्षभराची वर्गणी म्हणून किती द्यायचे तो आकडा जानेवारीत ठरवा. मसाल्याच्या गल्ल्यातून 'तात्पुरते' उचलू नका.

आणि नाटकातून कमवायचा दबाव स्वतःवर घेऊ नका. आधीच दोन ठिकाणी गिऱ्हाइकाच्या मनासारखं करायचं आहे. तिसरी जागा तुमच्या मनासारखं करण्यासाठी राखून ठेवा, हे आम्ही मनापासून सांगतो.

तीन महिन्यांनी बघायचे आकडे

दर तिमाहीला अर्धा तास बसा आणि तीनच आकडे लिहा: ९० दिवसांपेक्षा जुनी थकबाकी किती, पडून राहिलेला मसाला किती किलो, चुकलेल्या तालमी किती. थकबाकी दोन महिन्यांच्या घरखर्चापेक्षा जास्त झाली, तर त्या निर्मात्याचं नवं काम घेऊ नका, नाटकाचा वेळ मात्र कापू नका. मसाला पावसाळ्यात हंगामाच्या पाचव्या भागाहून जास्त उरला, तर पुढच्या वर्षी तेवढाच कमी घ्या. तीनपैकी एक तालीम चुकत असेल, तर दिग्दर्शकाला स्वतःहून सांगा आणि लहान काम मागा.

आरोग्य विमा स्वतःचा स्वतः काढा, कारण फ्रीलान्सरला कुणी ईएसआय (नोकरदारांचा सरकारी आरोग्य विमा) देत नाही. एडिटचे प्रोजेक्ट रोज दोन ठिकाणी उतरवा आणि तिसरी प्रत घराबाहेर ठेवा. डिस्क गेली की आठवडा जातो आणि तो आठवडा नेहमी तालमीचाच असतो.

तिन्ही एकाच दिवशी आली तर

कागद कितीही नीट मांडला, तरी वर्षातून दोनतीनदा करेक्शन्स, पन्नास किलोची ऑर्डर आणि रंगीत तालीम एकाच संध्याकाळी येतात. तेव्हा पहिला फोन नाटकाच्या गटाला करा, कारण तिथे तुमच्यामुळे दहा माणसं खोळंबतात आणि त्यांना पैसे मिळत नाहीत. पोचायची नक्की वेळ सांगा, 'बघतो' म्हणू नका. दुसरा फोन एडिटला: कोणतं करेक्शन टेलिकास्ट अडवतं आणि कोणतं उद्या चालेल, हे विचारून यादी दोन भागांत फोडून घ्या. बऱ्याचदा पंधरातली चारच आजची निघतात. मसाल्याचा फोन शेवटी, आणि तो ग्राहकाला करायचा: माल उद्या निघेल, पाठवणावळ आमच्याकडून. कुरिअरचे शे-दीडशे रुपये त्या दिवसाच्या खर्चात लिहा आणि शिफ्टला बसा.